अकरा वाक्यांची शेजारीण

त्या नाटकात मला अकरा वाक्यं होती. पहिल्या वाचनाच्या दिवशीच मी ती मोजली. मग तिची मोजायला घेतली आणि दुसऱ्या पानावरच नाद सोडला.

ती म्हणजे माझी रूम पार्टनर. बारामतीला लेडीज होस्टेलच्या एकाच खोलीत आम्ही सलग दुसरं वर्ष काढत होतो. बी.ए.चं दुसरं वर्ष, नव्वदच्या दशकाचा मध्य. मी कऱ्हाटीची. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. वडिलांनी ती मोडली आणि शेती धरली. घरात सगळे हाय-न्हाय बोलणारे. ती वालचंदनगरची, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, वडील तिथंच नोकरीला. तिच्या खिडकीला पडदे असायचे, पुस्तकांना कव्हरं असायची, आणि तोंडात 'आहे' आणि 'नाही' अशी सहज यायची, जशी काय जन्मताच मिळालेली.

मला ती भाषा मिळाली नव्हती, कमवावी लागली होती. पहिल्या वर्षी मेसमध्ये मी "मला भाकर न्हाय घावली" म्हणाले आणि अख्खं टेबल हसलं. ती हसली नाही. उठून तिनं तिच्या ताटातली अर्धी भाकरी मला दिली. तेव्हा मला तिचा राग आला, तो हसणाऱ्या मुलींवरच्या रागापेक्षा जास्त होता. त्यानंतर कित्येक महिने मी प्रत्येक वाक्य आधी मनातल्या मनात तपासायची आणि मगच बोलायची. वर्ष संपेपर्यंत मी इतकी शुद्ध बोलायला लागले, की सुट्टीला घरी गेल्यावर चुलत्यांनी विचारलं, "ही कुठली मास्तरीण आनली रं?"

आमचे मराठीचे सर पुण्याहून आलेले होते. त्यांनी स्वतःच एक एकांकिका लिहिली होती. गोष्ट साधी. एका खेड्यातली सून, दिवस गेलेले, अंगात सारखा ताप. नवरा परगावी, सासू दवाखान्याचं नाव काढू देत नाही. सून भावाला पत्र लिहिते, 'मला न्यायला ये.' पत्र टाकायला शेजारणीकडं देते, कारण शेजारीण बाजारच्या दिवशी तालुक्याला जाते. शेजारीण "टाकते की" म्हणते आणि पत्र पिठाच्या डब्यात ठेवून देते. सून रोज एसटीच्या आवाजाकडं कान लावून बसते. भाऊ येत नाही. शेवटी तापाच्या भरात तिला भाऊ आलेला दिसतो, ती सासूला "येते मी" म्हणते, आणि जाते. भाऊ येतो तो तिच्या मातीला. मग शेजारीण ते पत्र घेऊन अंगणात उभी राहते.

सुनेचं काम मलाच मिळणार याची मला खात्री होती. ती भाषा वर्गात दुसरं कोण बोलणार होतं? सरांनी मला दोन पानं वाचायला लावली. मी वाचली, बरी वाचली. मग त्यांनी तिला वाचायला सांगितलं. तिचे उच्चार पार शहरी होते. 'हितं' म्हणताना अडखळली, 'व्हय'ला तर स्वतःच हसली. पण भावाला हाक मारायची जागा आली आणि तिनं पान खाली केलं, समोर बघितलं आणि नुसतं "दादा" म्हणाली. दारात घंटा द्यायला निघालेले शिपाई तिथंच थांबून राहिले.

सर म्हणाले, "भाषा शिकता येते. हे शिकवता येत नाही." मग माझ्याकडं वळून, "शेजारीण तू कर. आणि तिची भाषा तुझ्याकडं. मला काय, सगळं सारखंच ऐकू येतं."

ज्या बोलण्यापायी माझं हसं झालं होतं, जे मी स्वतःच्या जिभेवरून खरवडून काढलं होतं, तेच आता मी तिला शिकवायचं, म्हणजे टाळ्या तिला मिळतील.

तरी सुरुवातीला मी प्रामाणिकपणे शिकवलं. होस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही बसायचो. ती वहीत लिहून घ्यायची. 'कुठं, हितं, तितं. आमी, तुमी.' मी सांगायची, "लिहू नकोस, ऐक." ती डोळे मिटून ऐकायची आणि परत म्हणायची. चार दिवसांत तिचं बोलणं माझ्या थोरल्या चुलतीसारखं व्हायला लागलं. मला आश्चर्य वाटायचं. मला जे विसरायला वर्ष लागलं, ते हिला शिकायला आठवडासुद्धा लागला नाही.

एका तालमीच्या आधी सरांनी सगळ्यांना गोल बसवून प्रश्न टाकला, "सून कोणामुळं गेली?" कोणी सासू म्हणालं, कोणी नवरा. सर म्हणाले, "शेजारीण?"

मी लगेच बोलले, "तिनं काय केलं सर? ती विसरली. तिला अकरा वाक्यं आहेत सगळ्या नाटकात. एवढ्याशा बाईवर एवढा मोठा दोष कसा टाकायचा?"

सगळे हसले. सरही हसले. पण ती म्हणाली, "ती विसरली नसेल सर. बाजारात गेल्यावर पोस्टाच्या पेटीसमोर उभी राहिली असेल ती. मला वाटतं, तिला भाऊ नसणार. हिनं हाक मारली की कोणीतरी एसटीत बसून येणार, हेच तिला बघवत नसेल."

सरांनी हातातलं पान मिटलं. मग मला म्हणाले, "ऐकलंस? तुझी शेजारीण तिनं शोधून दिली."

मी मान हलवली. माझी अकरा वाक्यंसुद्धा आता माझी राहिली नव्हती.

त्याच आठवड्यात रविवारी माझी आई भेटायला आली. फडक्यात बांधलेल्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. मी खाली जाईपर्यंत माझी पार्टनर आईजवळ जाऊन बसलीसुद्धा होती, आणि सरावाला म्हणून आईशी आमच्या भाषेत बोलत होती. "मावशी, तितं पाऊसपानी कसं हाय? येताना गाडीत बसाय जागा घावली का?" आई खुलली होती. तिचा हात हातात घेऊन गोठ्यातल्या गाभण गाईपासून शेजारच्या बांधाच्या भांडणापर्यंत सगळं सांगत होती. मला ती गाय गाभण असल्याचं माहीतसुद्धा नव्हतं.

जाताना फाटकाशी आई म्हणाली, "लई ग्वाड बोलती गं तुझी मैत्रीण. आपल्यातलीच वाटती. तू आता आशी न्हाय बोलत आमच्यासंगं."

"मला अभ्यास असतो," मी म्हणाले.

"व्हय, ते हायच की," आई म्हणाली, आणि पदर सारखा करून स्टँडकडं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर ती शेवटच्या प्रवेशाची वाक्यं म्हणत होती. 'येते मी' हे वाक्य तिला अपुरं वाटत होतं. म्हणाली, "अगं, शेवटी 'जी' लावू का? 'येते मी जी.' रेडिओवर ऐकलंय मी. जास्त गावाकडचं वाटतं ना?"

आमच्याकडं सासूचा निरोप घेताना कोणी 'जी' लावत नाही. तो 'जी' तमाशातला, पोवाड्यातला. मागं उभं राहून सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांचा. हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

मी वेणीचं टोक बोटाला गुंडाळत होते. म्हणाले, "लाव की. झ्याक वाटतंय."

एवढंच. तिनं वहीत लिहून घेतलं. नंतरच्या तालमींमध्ये तो 'जी' आणखी दोन-तीन ठिकाणी घुसला. सरांना वेगळं काही ऐकू आलं नाही. बाकीची मुलं बारामती शहरातली. एकाला जरा खटकलं, पण तो माझ्याकडं बघून गप्प बसला, कारण भाषा माझ्याकडं होती. रोज तालमीला जाताना मी ठरवायची की आज सांगू. तालमीत ती रडली, सर "वा" म्हणाले, की ठरवलेलं तसंच राहायचं. मी खोटं काही शिकवलं नाही, तिनंच विचारलं, मी फक्त हो म्हणाले, असं मी स्वतःला समजावलं होतं.

स्पर्धा इंदापूरला होती. एका कॉलेजचा हॉल, पत्र्याचं छप्पर, दुपारची वेळ. पोरं खिडक्यांत बसलेली, पुढच्या खुर्च्यांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी, मधल्या सतरंजीवर आजूबाजूच्या वस्त्यांवरून आलेल्या बायकासुद्धा. आमचं नाटक तिसरं होतं.

सुरुवातीला चांगलं चाललं होतं. पहिला 'जी' आला तेव्हा खिडकीत कोणीतरी फिस्कन हसलं, तेवढंच. पत्राचा प्रवेश झाला. मी "टाकते की" म्हणाले आणि विंगेत आले. तिथून मला ती एका बाजूनं दिसत होती. शेवटच्या प्रवेशात ती भिंतीला धरून उठली आणि हॉल असा शांत झाला, की पत्र्यावर कबुतरांची नखं वाजत होती ती ऐकू आली. सतरंजीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले होते. मला आठवतं, त्या क्षणी मला वाटलं, 'जी' असला तरी ही जिंकणार. आणि ते मला सहन झालं नाही.

ती सासूकडं वळली, हात जोडले. "येते मी जी."

मागून एक आवाज आला, खड्या सुरात, हात कानाला लावून म्हणावा तसा. "जी जी रं जीऽऽ!"

हॉल फुटला. खिडकीतली पोरं, खुर्च्यांवरची मंडळी, पदर तोंडाला लावलेल्या बायका, सगळे. हसू थांबतंय असं वाटायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून परत कोणीतरी झील धरायचं. ती हात जोडून तशीच उभी होती. तिला काय झालं हे कळत नव्हतं. तिनं एकदा विंगेकडं बघितलं, माझ्याकडं. मी नजर खाली केली. मग ती पुढची चार वाक्यं न बोलताच खाली निजली. सुनेचं मरण असं आटोपलं.

माझी एंट्री तेवढ्यात होती. हातात पत्र घेऊन मी अंगणात आले. अजून हसू चालू होतं. मी म्हणाले, "ह्ये माझ्यापाशीच ऱ्हायलं. डब्यात हुतं. पीठ लागलंय त्येला." आणि हॉल गप्प झाला. सतरंजीवरच्या एका म्हाताऱ्या बाईनं "आगं बया" म्हटलेलं मला ऐकू आलं. तिच्या मरणाला हसलेले लोक माझ्या तीन वाक्यांना गप्प झाले.

निकालात आमच्या नाटकाचा नंबर नव्हता. अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मला मिळालं. परीक्षक म्हणाले, "शेजारणीची भाषा खरी होती. नायिकेनं तिच्याकडून शिकायला हवं होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टेजवर गेले. खाली आले तेव्हा आमच्या नाटकातल्या सगळ्या मुली तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या, कोणी पाणी देत होतं, कोणी पाठीवर हात फिरवत होतं. माझ्या हातातल्या प्रशस्तिपत्राकडं कोणी बघितलं नाही. त्याचाही मला राग आला.

परतीच्या एसटीत ती माझ्याशेजारीच बसली. खिडकीबाहेर ऊस मागं पळत होता. तिनं विचारलं, "तुला माहीत होतं का गं?"

"काय?"

"लोक हसतील ते."

"नाही," मी म्हणाले. चांगलं शुद्ध 'नाही'.

वालचंदनगरला वळायच्या फाट्यावर, जंक्शनच्या स्टॉपला ती उतरली, घरी जाते म्हणाली. चार दिवस आली नाही. मी खोलीत एकटीच होते. तिच्या कॉटवर तिची वही होती. मी ती उघडली नाही, पण अभ्यासाला बसताना दर वेळी तिच्याकडं पाठ करून बसायची.

पाचव्या दिवशी ती आली ती सरळ सरांकडं गेली. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हेच नाटक परत होणार होतं. सरांनी मला बोलावून सांगितलं, "ती म्हणते, सून तुला द्या. शेजारीण ती करेल. तुझी तयारी आहे?"

मला जे हवं होतं ते असं समोर आलं. मी हो म्हणाले. ती बाजूला उभी होती. तिच्या चेहऱ्यावर ना राग, ना मोठेपणा. मला तोही तिचा मोठेपणाच वाटला, आणि तालमीचे पंधरा दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. भाषा तिनं मला परत काही विचारली नाही. होस्टेलच्या स्वयंपाकाच्या मावशी सणसरच्या बाजूच्या होत्या, त्यांच्यापाशी भाज्या निवडत बसायची, एवढं मला दिसायचं.

संमेलनाला माझे आई-वडील आले. वडील पहिल्यांदाच कॉलेजात आले होते, धुवट पटका बांधून. नाटक सुरू झालं. माझी भाषा चोख होती. लोक हसत नव्हते. रडतही नव्हते.

पत्राचा प्रवेश आला. मी तिच्या हातात पत्र दिलं आणि म्हणाले, "एवढं पेटीत टाकाल का?" तिनं पत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या हातात वेणीचं टोक होतं. ते तिनं बोटाला गुंडाळलं, एकदा, दोनदा, आणि ओठांच्या एका कडेनं हसून म्हणाली, "टाकते की."

मी होते ती. गच्चीवरची मी. तो स्वर, तो आधी नजर चुकवून मग डोळ्याला डोळा भिडवायचा प्रकार, सगळं तिनं जसंच्या तसं ठेवलं होतं. म्हणजे तिला माहीत होतं.

माझं पुढचं वाक्य गेलं. डोक्यात काही नव्हतं. समोर अख्खं कॉलेज, तिसऱ्या रांगेत वडिलांचा पटका. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मागं कोणीतरी खाकरलं. आता हसतील, मला वाटलं. तिला हसले तसे.

तिनं एक पाऊल पुढं टाकलं, पत्र पदराला बांधायला लागली आणि आमच्या गावच्या बाईनं म्हणावं तसं म्हणाली, "बोल की गं. भावाला सांगाया तोंडी काय निरोप हाय का? मी काय परकी हाय व्हय?"

हे वाक्य नाटकात नव्हतं. त्याच्या आधारानं मला माझं वाक्य सापडलं. नाटक पुढं गेलं. पण त्यानंतर लोक माझ्याकडं बघत नव्हते. शेजारीण स्टेजवर नसतानासुद्धा ती कधी येते याची वाट बघत होते. शेवटी ती पत्र घेऊन अंगणात उभी राहिली आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मेल्यासारखी निजून मी मिटल्या डोळ्यांनी ती शांतता ऐकत होते. वाटत होतं, उठावं आणि बघावं, ही नेमकं काय करतीय.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो तेव्हा मी म्हणाले, "मला माहीत होतं. 'जी'चं."

ती आरशात बघून कुंकू पुसत होती. "इंदापूरलाच कळलं मला. तू खाली बघितलंस तेव्हा."

"मग सरांना सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. घरी चार दिवस तेच चाललं होतं माझं." तिनं कापूस खाली ठेवला. "मग वाटलं, त्यापेक्षा शेजारीण करून दाखवावी."

"राग गेला?"

"नाही," ती म्हणाली. "पण आज तू गप्प झालीस तेव्हा मला वाटलं होतं तेवढी मजा नाही आली."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. ते पेपर तपासत होते. ऐकताना त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "चूक माझीही आहे. नाटक त्या भाषेत लिहिलं आणि मला ती ऐकू येत नव्हती." मला बरं वाटायला लागलं, तेवढ्यात ते म्हणाले, "पण मला माहीत नव्हतं. तुला होतं." पुढच्या वर्षी त्यांनी मला नाटकात घेतलं नाही. मी विचारलंही नाही.

तिच्याशी बोलणं परत सुरू झालं. एका खोलीत राहायचं तर करणार काय. परीक्षेत आम्ही एकाच दिव्याखाली अभ्यास केला, ती घरून आणलेल्या चकल्या मला द्यायची. पण गच्चीवर आम्ही परत कधी गेलो नाही.

तिसऱ्या वर्षीच्या संमेलनात तिचं नवं नाटक होतं, एकटीचं, अर्ध्या तासाचं. मी खाली, मधल्या रांगेत बसले होते. ती स्टेजवर आली आणि पहिल्या वाक्यापासून हॉल तिचा झाला. शेजारच्या मुलीनं माझा हात दाबून विचारलं, "तुझी पार्टनर ना गं ही?" मी हो म्हणाले. आणि नाटक संपेपर्यंत, माझ्या मांडीवर माझ्याच दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून, मी वाट बघत होते की ती कुठंतरी एक वाक्य विसरेल.

ती विसरली नाही.